मंगलाबाईंचं बोट

आमच्या दवाखान्यात सकाळी पहिलं रक्त निघतं ते मंगलाबाईंचं. पेशंट यायच्या आधी त्या स्वतःच्याच बोटाला सुई टोचतात, थेंब औषधाच्या नळीत टाकतात आणि नळी काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरतात. मंगलाबाई सिकलसेलच्या, म्हणजे रक्तातल्या एका आनुवंशिक आजाराच्या, वाहक आहेत. त्यांचं रक्त पडलं की औषध गढूळ व्हायलाच हवं, मागच्या रेघा झाकायलाच हव्यात. झाकल्या तर औषध चांगलं. मग दिवसभर लोकांची तपासणी. ज्याच्या रक्तात सिकल नाही, त्याच्या नळीतून रेघा साफ दिसतात. एकोणीस वर्षं हे चाललंय. मला आधी हा त्यांचा निव्वळ सोवळेपणा वाटायचा.

मी रक्षा, भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या या दवाखान्याची सून. सासरे डॉक्टर यादोराव, म्हणजे आमचे बाबूजी, पुढच्या खोलीत पेशंट तपासतात. नवरा प्रितम मागची लॅब बघतो आणि मी काउंटर. मंगलाबाई लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून कामाला, पण कोणाच्या बापाला न भिणाऱ्या. एकदा मी घाईत दोन नळ्यांवर नावंच लिहिली नाहीत, तर त्यांनी दोन्ही माझ्यासमोर फेकून दिल्या आणि पेशंटना परत बोलवायला लावलं. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नव्हते.

एप्रिलात त्यांची आई पडली, खुबा मोडला. मंगलाबाई अकरा दिवस रजेवर गेल्या. शुक्रवारी परतल्या, बोट टोचलं, नळी धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. रेघा लख्ख दिसत होत्या.

"रक्षाताई, मी रातोरात बरी झाली काय?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. सिकल जन्माचं असतं, ते कुठे जात नाही; गेलं होतं ते औषध. त्या रजेवर गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी बाटलीची मुदत संपली होती. प्रितमने ना तारीख पाहिली, ना सिकलचं म्हणून माहीत असलेलं कुठलं रक्त टाकून पाहिलं. मंगलाबाईंचं ते बोट टोचणं त्याला खूळ वाटायचं. त्या अकरा दिवसांत सिकलच्या नऊ तपासण्या झाल्या होत्या. नऊही साफ.

त्या नवांत एक गुड्डी होती, आंबागडच्या नत्थूभाऊंची मुलगी. लग्न रविवारी. नवरामुलगा आमच्या शहापूरचा राजकुमार. तो वाहक आहे आणि त्याने ते लपवलं नव्हतं. मुलगी साफ निघाली तरच पुढे जायचं, असं दोन्ही घरांनी शहाण्यासारखं ठरवलं होतं. कारण दोघंही वाहक असले तर दर बाळंतपणात चारात एक लेकरू आजार घेऊन येण्याची भीती. गुड्डीचा रिपोर्ट मीच हातात दिला होता. पेढेही खाल्ले होते.

प्रितम भराभर बोलायला लागला. घाबरला की तो असाच बोलतो.

"खरंच साफ असन तिचं. लगन होऊन जाऊ द्या. मंग नऊही जणांले फ्री तपासणी म्हणून बोलावून घेऊ."

"लगन झाल्यावर कायले?" मंगलाबाई म्हणाल्या.

"पत्रिका वाटल्या त्यायनं. आता सांगितलं तर दवाखाना बंद होईन आपला."

मला त्याचं पटलं होतं. खोटं कशाला बोलू? मला दवाखाना दिसत होता, गुड्डी दिसत नव्हती.

मंगलाबाईंनी रजिस्टरमधून नत्थूभाऊंचा नंबर काढला. प्रितमने रजिस्टर ओढून घेतलं. "फोन लावला तर उद्यापासून येऊ नका," तो म्हणाला.

त्यांनी हातमोजे काढले, डब्यात टाकले आणि सरळ बाबूजींच्या खोलीत गेल्या. सगळं सांगितलं, तारखेसकट. प्रितम मागोमाग धावला.

"बाबूजी, बाटली मंगलाबाईनंच ठेवून देली होती. टेक्निशियनची चूक म्हणू आपण."

मी दारात उभी होते. रजेवरच्या बाईची ही चूक नाही, हे मला माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्याची मला अजून लाज वाटते.

मंगलाबाई बाबूजींना म्हणाल्या, "सांगा माह्यं नाव. पण आजच सांगा."

बाबूजी प्रितमकडे वळले. "रजा मी देली. मांगं नळी कोण पाहीन, हे मी विचारलं नाही. रिपोर्टवर सही तुही आहे, पण चूक आपल्या दोघांची. गाडी काढ."

मग ते बाहेरच्या बाकांसमोर जाऊन उभे राहिले. "आमच्या लॅबकडून चूक झाली. सिकलचे नऊ रिपोर्ट खोटे असू शकतात. तेच सांगाले चाललो मी. ज्याले थांबणं असन त्यानं थांबा." तिघं जण तिथूनच उठून गेले. मंगलाबाई नव्या औषधाची बाटली घेऊन गाडीत बसल्या. गुड्डी सोडून बाकीच्या आठ जणांना मी गाडीतून फोन केले. दोघांनी शिव्या दिल्या, त्या ऐकून घेतल्या.

आंबागडला मांडव बांधणं चाललं होतं. नत्थूभाऊंना वाटलं, आम्ही दोन दिवस आधीच लग्नाला आलो. त्यांनी खुर्च्या मांडल्या, स्वतः पाणी आणलं. बाबूजी बसले नाहीत, उभ्यानेच सांगितलं.

"परवा वरात येऊन राहिली," नत्थूभाऊ हळूच म्हणाले, "आन तुमी आज सांगून राहिले?"

प्रितम पुढे झाला. "सही माही आहे, काका. तारीख मी पाहिली नाही." नत्थूभाऊंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गुड्डी आतून आली आणि कोणी काही म्हणायच्या आत हात पुढे केला. मंगलाबाईंनी नवं औषध काढलं, आधी स्वतःचं बोट टोचलं, मग तिचं. दोन नळ्या कार्डासमोर उभ्या राहिल्या. मांडववाल्यांनीही दोर सोडून दिले. पाच मिनिटांत एकाही नळीमागच्या रेघा दिसेनात.

"पक्की तपासणी भंडाऱ्याला करू," बाबूजी म्हणाले. पण त्यांनाही उत्तर कळलं होतं.

गुड्डीने दुसऱ्या नळीकडे बोट केलं. "हे तुमचं रगत?"

"हो."

"आन तुमच्या मालकाचं?"

"त्यायचंही असंच. आमच्या टायमाले कोणी तपासलंच नाही."

"मंग लेकरं?"

मंगलाबाई सुईची टोपी लावत होत्या. "एक होता. सूरज. चौदा वर्षांचा गेला. दुखणं उठलं का मी पाय चेपत बसायची, आन तो म्हणे, आई, थांबव ना."

सात वर्षं मी या बाईंपासून सहा हातांवर बसते, आणि सूरजचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. कधी विचारलंच नव्हतं.

गुड्डीने डोळे पुसले.

"बाबा, फोन द्या," ती म्हणाली. "राजकुमारले मीच सांगते."