ओर्तांसबाईंची पाच-दहाची गाडी

ओर्तांस तुर्नाद या बाईंच्या अंगणात पुदिन्याचं सरबत फुकट मिळतं. अट एकच. ते संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी प्यायचं, तहान असो वा नसो.

ला व्हेर्न या फ्रेंच गावाबाहेर जुनी रेल्वेलाइन जिथे रस्ता ओलांडायची, तिथे फाटकवालीचं दोन खोल्यांचं घर अजून उभं आहे. रूळ केव्हाच उखडून नेले. चौदा वर्षांपूर्वी त्याच जागी बारीक खडी दाबून सायकलवाल्यांसाठी वाट केली. मोटारीला बंदी, ट्रॅक्टरलाही बंदी. साठ किलोमीटर नुसत्या सायकली, घंट्या आणि घट्ट चड्ड्यांतले डच. रस्त्यावरचं जुनं फाटक मेअरसाहेबांनी शोभेसाठी राखलं, रंगवलं, कुलूप घातलं आणि किल्ली दिली ओर्तांसबाईंकडे. जन्म त्याच घरातला, आई तिथलीच फाटकवाली. दुसऱ्या कोणाला देणार?

किल्ली दिली आणि मेअरसाहेब फसले.

पहिल्याच संध्याकाळी पाच वाजून सात मिनिटांनी बाई आईचा लाल बावटा घेऊन वाटेच्या मधोमध उभ्या. "उतरा खाली! बाजूला व्हा! सगळे अंगणात!" मग कुलूप काढून फाटक ओढलं, रस्ता बंद. जो येईल त्याच्या हातात सरबताचा ग्लास. तीन मिनिटं कोणी हलायचं नाही.

"बाई, कशासाठी थांबलोय आपण?" एखादा धीट माणूस विचारायचा.

"पाच-दहाची गाडी जायचीय."

"पण रूळ कुठे आहेत?"

"तुम्ही सरबत प्या."

गावाने चौदा वर्षं या गोष्टीवर यथेच्छ करमणूक करून घेतली. बेकरीत कोणी उशिरा आलं की, "काय, ओर्तांसची गाडी चुकली वाटतं?" पण ही थट्टा तिच्यासमोर कोणी करत नसे. कारण त्यामागची गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, आणि सगळ्यांना ठाऊक आहे हे फक्त तिला ठाऊक नव्हतं.

साल बासष्ट, जूनचा महिना. ओर्तांस नऊ वर्षांची. आई तापाने फणफणलेली. "पोरी, पाच-दहाला फाटक लाव," एवढंच सांगून तिने डोळे मिटले. पोरगी चढली चेरीच्या झाडावर. खिसे भरले, तोंड भरलं, आणि शिट्टी ऐकू आली तेव्हा ती शेंड्यावर होती. वरून तिला गाडी दिसली, उघडं फाटक दिसलं आणि पोस्टमन एल्वा पेरिशोंची टोपी दिसली. उन्हाळ्यात त्याची फेरी लांबायची. ती आटपून तो रोज याच वेळी परतायचा, सायकलची घंटी वाजवत. फाटकाशी थांबून आईच्या हातचं सरबत अर्धं प्यायचा, अर्धं ठेवायचा. घरी बायको वाट बघते म्हणून.

त्या दिवशी फाटक उघडं होतं. तो थांबला नाही.

चौकशीत आई म्हणाली, "मीच विसरले." मरेपर्यंत तेच म्हणाली. चेरीचं झाड मात्र तिने दुसऱ्याच दिवशी तोडायला लावलं. तापात असलेल्या बाईने कुऱ्हाडवाल्याशेजारी उभं राहून झाड तोडून घ्यावं, यावरून गाव काय समजायचं ते समजलं.

तेव्हा ओर्तांसबाईंचं आयुष्यातलं म्हणणं एवढंच होतं. फाटक पुन्हा उघडं राहता कामा नये.

आता हसणाऱ्यांनी हसावं, पण हिवाळ्यात त्या अंगणात पाच-दहाला कोणी हसत नसे. अंधारून यायचं आणि हातातले ग्लास आपोआप किणकिणू लागायचे. वाटेवरची खडी तव्यावरच्या दाण्यांसारखी टणटण उडायची. शेजारच्या आन्सेल्मचा कुत्रा बाकाखाली शिरून पंजांत तोंड खुपसायचा. मग सगळं शांत. "निघा," बाई म्हणायच्या, आणि लोक असे निघायचे की रिकामा ग्लास घरापर्यंत हातातच राहायचा.

उन्हाळ्यात मात्र काहीच नाही. पाच-दहाला चिमण्या चिवचिवत असायच्या. आन्सेल्म म्हणायचा, "गाडी भुताची असली तरी आपल्याच देशातली आहे. उन्हाळी सुट्टीवर समुद्राला गेली असेल."

उन्हाळ्यात व्हायचं ते वेगळंच. दर मोसमात दोन-चार सायकलवाले बाईंच्या घरासमोर आपटायचे. तेही भलत्याच वेळी, बाई आत सूप ढवळत असताना. एका डच माणसाच्या गळ्याचं हाड मोडलं. एका मास्तरणीचं पुढचं चाक पापडासारखं दुमडलं. सगळ्यांचं बोलणं एकच, मागून कोणीतरी ढकललं. गाव दोष वाइनला द्यायचं, आणि ओर्तांसबाई गुडघे धुऊन द्यायच्या.

यंदाच्या जूनमध्ये कोणीतरी जिल्ह्याच्या ऑफिसला पत्र लिहिलं की, एक म्हातारी पर्यटकांना ओलीस धरते आणि हिरवं काहीतरी पाजते. चौकशीला सेव्हरीन बुआसो नावाची तरुण अधिकारी आली, स्वतःच्या सायकलवर, पाठीला पिशवी लावून.

"बाई, मी आज पाच-दहाला इथे बसते. काही झालं तर लिहीन. नाही झालं तर किल्ली मला द्यायची आणि हा प्रकार बंद. कबूल?"

"उन्हाळ्यात काही होत नाही हो," ओर्तांसबाईंनी खरं ते सांगितलं.

"मग थांबवता कशाला?"

याला बाईंकडे उत्तर होतं, पण ते त्या तोडलेल्या चेरीच्या झाडाखाली पुरलेलं होतं.

पाच-दहा झाले. चिमण्या चिवचिवल्या. सेव्हरीनने सरबत संपवलं, घड्याळ पाहिलं, हात पुढे केला. बाईंनी एप्रनच्या खिशातून किल्ली काढून दिली. देताना बोटं सुटेनात, तेव्हा सेव्हरीनने ती एकेक करून हळूच उघडली. पोरगी वाईट नव्हती. मग बाकावर बसून तिने अहवाल लिहिला, बाईंनी पुढे केलेलं पावचीज खाल्लं, फाटकाला कुलूप आहे ना ते ओढून पाहिलं. फाटक उघडंच, रस्त्याच्या कडेला कुलपाने बांधलेलं.

तेवढ्यात आन्सेल्म बादल्या वाजवत आला.

"कुठे निघालात काका?" सेव्हरीनने विचारलं.

"दूध काढायला."

"आत्ता? सहा वाजले. आमच्याकडे पाचलाच काढतात."

"मी पण पाचलाच काढतो, बाळ. माझ्या गाईंचे आत्ताच पाच वाजलेत. सरकारने शहात्तर साली उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचं ठरवलं, पण गाईंना काही कळवलं नाही."

सेव्हरीन खळखळून हसली, हेल्मेट चढवलं आणि किल्ली पिशवीत टाकून वाटेने निघाली.

ओर्तांसबाई हसल्या नाहीत. त्यांच्या हातात सरबताचा जग तसाच तिरपा राहिला आणि हिरवी धार चपलेवर पडत राहिली.

गाडी बासष्ट सालची. एल्वा बासष्ट सालचा. त्यांना तरी कोणी कळवलं होतं?

चौदा उन्हाळे त्या तासभर आधी फाटक लावत होत्या. आणि ऐन वेळेला, सूप ढवळत, उघडं सोडत होत्या.

स्वयंपाकघरातल्या घड्याळात सहा वाजून सहा मिनिटं झाली होती.

एकाहत्तर वर्षांच्या बाईला इतकं पळताना आन्सेल्मने कधी पाहिलं नव्हतं. सेव्हरीन फार लांब गेली नव्हती. अहवालासाठी सायकलवाटेच्या पाटीचा फोटो काढत वाटेच्या मधोमध उभी होती.

"बाजूला हो! पोरी, बाजूला हो!"

"बाई, किल्ली परत मिळणार नाही. उगाच तमाशा..."

तिने खाली पाहिलं. बुटांभोवतीची खडी टणटण उडत होती. वारा नव्हता. पॉप्लरचं एक पान हलत नव्हतं. पण लांब वळणापासून वाटेच्या दोन्ही कडांची लाल खसखशीची फुलं बाहेरच्या बाजूला वाकत होती, एकामागून एक, आणि ते वाकणं त्यांच्याकडे येत होतं.

सेव्हरीनने सायकल टाकली. पिशवीच फेकली बाईंकडे. "घ्या! लावा! लावा ते!"

दोघी धावत फाटकाशी पोचल्या. किल्ली कुलपात शिरेना. आणि तेवढ्यात रस्त्याच्या उतारावरून घंटी आली. किणकिण, किणकिण, घरी परतणाऱ्या माणसाची, कसलीही घाई नसलेली. रस्त्यावर कोणी दिसत नव्हतं. घंटी मात्र जवळ येत होती.

"एल्वाकाका, थांबा!" ओर्तांस ओरडली. आवाज नऊ वर्षांच्या मुलीचा होता, असं आन्सेल्म शपथेवर सांगतो. तो त्या वेळी बादलीमागे लपला होता, हे मात्र सांगत नाही.

कुलूप सुटलं. फाटक धाडकन आडवं आलं.

मग जे गेलं ते गेलं. दिसलं काहीच नाही. तापलेल्या ग्रीसचा वास आला, खिडकीच्या काचा थरथरल्या, आणि वाटेवर टाकलेली सेव्हरीनची सायकल जागच्या जागी चपटी झाली. मग शांतता. त्या शांततेत फाटकापलीकडे ब्रेकचा बारीक चित्कार, आणि जमिनीवर एक पाय टेकल्याचा आवाज.



बऱ्याच वेळाने ओर्तांसबाईंनी फाटक उघडलं. रस्त्याच्या धुळीत एका अरुंद चाकाची रेघ फाटकापर्यंत आली होती आणि तिथे थांबली होती. शेजारी एका खिळेवाल्या बुटाचा ठसा, डाव्या पायाचा. परत गेल्याची रेघ नव्हती.

सेव्हरीनने पिशवी उचलली, अहवालाचा कागद काढून चार तुकडे केले. किल्ली बाईंच्या एप्रनच्या खिशात घातली आणि खिसा वरून दाबला.

"ऑक्टोबरात घड्याळं मागे जातात, तोवर सहा-दहा," ती म्हणाली. "नंतर पाच-दहा. मी पाटी पाठवते."

पाटी आली. तिच्यावर फाटक लागण्याच्या वेळा आहेत आणि कारण लिहिलंय, 'तांत्रिक'. यंदा घरासमोर कोणी पडलेलं नाही.

ओर्तांसबाई आता एक ग्लास जास्त भरतात आणि फाटकाच्या पलीकडच्या खांबावर ठेवतात. परवा आन्सेल्मला राहवलं नाही.

"काय गं, पितो का तो?"

"अर्धा पितो," ग्लास विसळत ओर्तांस म्हणाली. "अर्धा ठेवतो. घरी बायको वाट बघते ना."

एल्वाची बायको वारली त्याला तीस वर्षं झाली. आन्सेल्मने काहीतरी थट्टा करायला तोंड उघडलं, मग कुत्र्याचा पट्टा धरला आणि गाईंकडे निघून गेला, त्यांचे अजून पाच वाजायचे होते तरी.