बकऱ्याची कलेजी आणि बाबांचं रशियन

बायोकेमिस्ट्री शिकणाऱ्याकडे किस्से आपोआप साठत जातात. वेगळी मेहनत लागत नाही. आपण नेमकं काय शिकतोय हे घरात, शेजारी, गल्लीत कुणालाच कळत नसलं की झालं! आमच्या भिलाईच्या सेक्टरमध्ये तर ते एम.एस्सी.ला जाईपर्यंत मलाही धड कळत नव्हतं.

बाबा पोलादाच्या प्लांटमध्ये क्रेन ऑपरेटर. मूळचे भंडाऱ्याकडचे. ते सगळ्यांना सांगायचे, "सुधा मोठी केमिस्ट्री शिकून राहिली!" केमिस्ट्रीच्या आधी 'बायो' लागलंय म्हणजे साध्या केमिस्ट्रीपेक्षा ती मोठीच असणार, असा त्यांचा हिशेब. मी रोज गाडीनं रायपूरला विद्यापीठात जाऊन ही मोठी केमिस्ट्री शिकायची.

* * *

पहिला दणका दुधाचा. आमच्या कोपऱ्यावर कोलते काकू राहायच्या. काका ऑफिसर, त्यामुळे गल्लीतला एकुलता एक फोन त्यांच्याकडे. आमच्या प्रॅक्टिकलमध्ये दूध तपासायचं असतं, हे मी एकदा बोलून गेले. काकू दुसऱ्याच दिवशी पातेलं घेऊन हजर. "आमच्या राऊताचं दूध तपास बरं. मले लय दिवसापासून डाऊट आहे."

लॅबमधून लॅक्टोमीटर मागून आणला, बुडवला आणि पुराव्यानिशी जाहीर केलं, "पाणी आहे!" काकूंनी सकाळी फाटकातच राऊताला, म्हणजे आमच्या गवळ्याला, धरलं. तो शांतपणे ऐकून घेऊन निघून गेला आणि दुसऱ्या दिवसापासून सबंध गल्लीचं दूध बंद!

तीन दिवस बिनदुधाचा चहा पिऊन सगळ्या बाया माझ्यावर उखडल्या. शेवटी मीच कॅन घेऊन त्याच्या दारात माफी मागायला गेले. तो गाई बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "अतेक पढ़े हस नोनी, त दूध घलो तहीं बना ले!"

इतकी शिकलीस, तर दूधही तूच बनव. मी पुन्हा माफी मागितली आणि कॅन पुढे केला.

* * *

मग कलेजी. एंझाइम काढायचं तर बकऱ्याची कलेजी अगदी ताजी लागते आणि कापल्याबरोबर बर्फात ठेवावी लागते. मी भल्या सकाळी कॅम्प-१ या वस्तीतल्या मटणाच्या दुकानात थर्मास घेऊन उभी राहायची. दुकानदार भला माणूस. "दीदी, बर्फ में मत डालो, टेस्ट चला जाएगा," असं दर वेळी कळवळून सांगायचा. मी दर वेळी बर्फातच टाकायची.

परीक्षा संपल्यावर त्यानं एकदा रस्त्यात थांबवलं. "दीदी, इतनी कलेजी ले गई। बनाती कैसे हो?"

मी खरं ते सांगितलं. "मिक्सर में पीसा, मशीन में घुमाया, ऊपर का पानी रख लिया, बाकी फेंक दिया।"

त्यानं आजूबाजूला पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "घर में किसी को बताना मत। शादी में दिक्कत आएगी।"

* * *

आणि मग स्कॉलरशिपवर एक वर्षासाठी सोव्हिएत रशियातल्या एका लॅबमध्ये जायला माझी निवड झाली. गल्लीत पेढे वाटले गेले, दूध अर्थात त्याच राऊताचं. आई दोन्ही डोळ्यांनी वेगवेगळं रडत होती, एका डोळ्यानं आनंदानं आणि दुसऱ्यानं "तिथं वरण-भात कोन देईन इले?" म्हणून.

दोन दिवसांनी बाबांनी पेटीतून एक फोटो काढला. क्रेनखाली उभे असलेले ऐन तरुण बाबा, त्यांच्या खांद्यावर हात टाकलेला एक उंच गोरा माणूस आणि दोघांच्या मध्ये जेवणाचा डबा.

हा निकोलाय. प्लांट उभा राहत होता तेव्हा आलेला रशियन तज्ज्ञ. बाबांना क्रेन त्यानंच शिकवली. त्याचा एकच कायदा होता, रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, आल्याशिवाय क्रेन सोडायची नाही. खाली वितळलेलं पोलाद असतं, क्रेन एक मिनिटही माणसाशिवाय ठेवून चालत नाही.

निकोलाय मायदेशी निघाला त्या दिवशी बाबांचा रिलीव्हरच आला नाही. बाबा वर केबिनमध्ये बसून राहिले आणि दुर्ग स्टेशनवरून गाडी निघून गेली. पत्र लिहावं तर कोणत्या भाषेत?

"तो वाट पाहून गेला असन न माय," बाबा म्हणाले. "त्याले वाटलं असन, धनराज आलाच नाही. तू त्याले शोध. बाकी तुही केमिस्ट्री झाली नाही तरी चालन."

मी फोटो पासपोर्टात ठेवून घेतला. स्कॉलरशिप मला देणाऱ्यांना हे कळलं असतं तर त्यांनी ती तिथल्या तिथे परत घेतली असती.

* * *

"रशियन मी शिकवतो," बाबांनी जाहीर केलं. रोज संध्याकाळी व्हरांड्यात शिकवणी. 'विरा' म्हणजे वर उचल. 'मायना' म्हणजे खाली घे. 'आस्तारोझ्ना' म्हणजे सांभाळून! तिकडे बंदरावरचे हमालही म्हणे असंच ओरडतात. नमस्कार, धन्यवाद वगैरे त्यांना येत नव्हतं. क्रेनवर त्याची गरज पडली नव्हती.

शिकत मी होते आणि पक्कं झालं आईचं. शेजारणीला फळीवरची लोणच्याची बरणी काढून देताना ती स्टुलावरून ओरडायची, "धर वो, मायना करून राहिली!"

* * *

तिकडच्या लॅबच्या प्रमुख तमारा इव्हानोव्हना. भारदस्त बाई, सगळे त्यांना चळचळा कापायचे. पहिल्याच दिवशी त्या शिडीवर चढून वरच्या फळीवरची काचेची भलीमोठी बरणी उतरवायला लागल्या. बरणी कलली आणि माझ्या तोंडून बाबांच्या आवाजात, बाबांच्या पट्टीत निघालं, "मायना! मायना! आस्तारोझ्ना!"

बाईंनी निमूटपणे बरणी खाली घेतली. शिडीवरून उतरल्या, चष्मा पुसला आणि इंग्रजीत विचारलं, "मुली, तू याआधी कुठल्या बंदरावर होतीस?"

* * *

पण फोटोची गोष्ट ऐकल्यावर याच तमाराबाईंनी निकोलायला शोधून दिलं. चार ठिकाणी फोन फिरवले, दोन माणसांना झापलं आणि महिन्याभरात पत्ता माझ्या हातात ठेवला. तो रेल्वेनं जेमतेम दिवसाच्या अंतरावर राहत होता. बाई स्वतः माझ्याबरोबर आल्या.

दार उघडलं. फोटोतला माणूस, आता पांढरा झालेला. मी फोटो पुढे केला. त्यानं तो पाहिला, मला पाहिलं आणि गडगडाटी आवाजात म्हणाला, "ये वो पोट्टे! जेवली का?"

त्यानं अभिमानानं तमाराबाईंना रशियनमध्ये सांगितलं, "मला हिंदी येते." बाबांकडून शिकलेली अस्सल भंडाऱ्याची मराठी तो इतकी वर्षं हिंदी म्हणून बाळगून होता! त्याच्या कारखान्यात तो हिंदीचा जाणकार होता. एकदा दिल्लीहून पाहुणे आले, तेव्हा स्वागताला यालाच उभं केलं. हा म्हणाला, "या, बसा, का म्हनता?" पाहुणे नुसते हसत राहिले.

निकोलायनं मान हलवली आणि मोठ्या दुःखानं मला सांगितलं, "दिल्लीच्या लोकाइले हिंदी येत नाही."

* * *

आता शेवटचा किस्सा.

बाबांना पत्रानं दिवस कळवला आणि त्या दिवशी निकोलायला घेऊन तिथल्या तार ऑफिसातून कोलते काकूंच्या फोनवर कॉल बुक केला. काकूंनी मागाहून सांगितलं, बाबा सकाळपासून इस्त्रीचा शर्ट घालून त्यांच्या दिवाणखान्यात येऊन थांबले होते. खुर्ची दिली तरी उभेच. माफी कशी मागायची ते पुटपुटत होते.

बऱ्याच वेळानं लाइन लागली. मी "बाबा!" म्हणेपर्यंत निकोलायनं माझ्या हातून रिसीव्हर ओढून घेतला.

"धनराज! टेशनवर कावून नाही आला बे?"

पलीकडून नुसती खरखर. मीही रिसीव्हरला कान लावला. मध्येच आपल्याकडची ऑपरेटर करवादली, "बोलिए, बोलिए, टाइम जा रहा है!"

मग बाबांचा आवाज आला. क्रेनवरून बोलायचे तसा, अख्ख्या तार ऑफिसला ऐकू जाईल असा.

"रिलीव्हर नाही आला बे, निकोलाय!"

निकोलायनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. मग अगदी हळू विचारलं, "क्रेन नाही सोडली न?"

"नाही सोडली."

"शाब्बास बे!" निकोलाय म्हणाला आणि लाइन कट झाली.