ताईची जीभ

आमची ताई बेचाळीस वर्षं चहा चाखते आहे, आणि त्यातला जवळजवळ सगळा तिने थुंकून टाकला आहे. लोक हसतात, म्हणून आधीच खुलासा करतो. चहाच्या कंपनीत चाखणारा माणूस चमच्यातला चहा जोरात भुरकतो, तोंडभर खेळवतो आणि शेजारच्या उंच पिकदाणीत टाकतो. दिवसाला दोनशे कप गिळले तर माणूस टिकायचा नाही.

ताई तिथे कप विसळायला लागली होती आणि लवकरच चाखूही लागली. पंधरा वर्षांत ती त्याच खोलीतल्या लांब टेबलाच्या मधोमध उभी राहू लागली. तिने मान हलवल्याशिवाय एकही मिश्रण पाकिटात जात नाही. निवृत्तीचं वय उलटलं तरी कंपनीने तिला सोडलं नाही. मी कॉमर्सची पदवी घेऊन त्याच कंपनीत, एक मजला वर. तरी माझी ओळख ‘चाखणाऱ्या बाईंचा भाऊ’ अशीच आहे आणि मला ती आवडते.

ताईने लग्न केलं नाही. ती आमच्याकडेच राहते. गेल्या वर्षी ती जेवायला बसली की दोन घासांतच डावा कान दाबून धरायची आणि ताटावरून उठायची. शेवटी माझी पत्नी तिला म्हणाली,

“वन्सं, माझ्या हातचं गिळवत नाही असं सरळ सांगा ना. कंपनीत बरे दोनशे कप उतरतात.”

“उतरतात कुठे? पिकदाणीत जातात,” ताई म्हणाली.

सगळं उत्तर त्या एका वाक्यात होतं, पण आमच्या कुणाच्याच डोक्यात प्रकाश पडला नाही. ताई म्हणायची, जिभेच्या मुळापासून कानापर्यंत कुणी तापलेली तार ओढावी तशी कळ जाते. मिनिटभरात थांबते, पुन्हा येते. दातांच्या डॉक्टरांनी चांगली धडधाकट अक्कलदाढ काढली. कानाच्या डॉक्टरांनी कान स्वच्छ असल्याचं सांगितलं.

“अक्कलदाढ गेली. आता काही अडलं तर तुलाच विचारणार, छोट्या,” ताई मला म्हणाली. मी अठ्ठावन्नाचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच.

मग एका सकाळी तिने गार पाण्याचा घोट घेतला आणि ओट्यापाशीच बेशुद्ध पडली. दवाखान्यात नेईपर्यंत शुद्ध आली होती, पण तिथून आम्हाला मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांकडे धाडलं. कळ केव्हा येते, असं त्यांनी विचारल्यावर मी लिहून ठेवलेली वही पुढे केली. तीन आठवड्यांच्या वेळा आणि त्या वेळी ताई काय करत होती, ते त्यात होतं. त्यांनी ती शेवटच्या पानापर्यंत वाचली.

“कामावर असताना एकदाही नाही?”

“तिथे मी गिळत नाही,” ताई म्हणाली.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. त्यांनी घशाच्या डाव्या बाजूला, टॉन्सिलजवळ, बधिर करणारं औषध लावलं आणि पाणी प्यायला दिलं. ताई सबंध पेला प्यायली. कळ आली नाही. तिने रिकाम्या पेल्याकडे पाहिलं आणि आणखी एक मागितला.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी नववी गिळताना चाळवते आहे, डॉक्टर सांगू लागले. ती घशाला आणि जिभेच्या मागच्या तिसऱ्या भागाला जाते. तिथली संवेदना आणि कडू चव तिच्यामार्फत कळते. तिचा एक फाटा मानेतल्या रक्तवाहिनीचा दाब मेंदूला कळवतो, म्हणून कळ जोराची आली की नाडी मंदावून चक्कर येऊ शकते. बहुधा एखादी रक्तवाहिनी नसेच्या मुळाशी घासत असावी.

गोळ्यांनी कळ दबली, पण मात्रा वाढत गेली तशी ताई टेबलाशी झोकांड्या खाऊ लागली. शेवटी शस्त्रक्रियेचं ठरलं. सर्जन बाई पस्तिशीच्या, मोजकं बोलणाऱ्या.

“रक्तवाहिनी दिसली तर ती बाजूला सारून मध्ये मऊ गादी ठेवीन. नाही दिसली तर नस कापावी लागेल. दुखणं जाईल, पण त्या बाजूची मागची चवही जाईल. दोन्हींना संमती द्या.”

“नाही दिसली तर शिवून टाका.”

“आजी, दुखणं तसंच राहील.”

“राहू दे. बाई, चहातला कडूपणा मला तिथेच कळतो. तेवढ्यासाठीच मला तिथे उभं केलंय.”

मी मध्ये पडलो. “ताई, नोकरी पुरे झाली आता. अन्न तरी पोटात जाऊ दे.”

“छोट्या, मी काय नोकरी करते होय?”

तिने कागद ओढून घेतला आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं : रक्तवाहिनी न सापडल्यास नस कापू नये. खाली सही. सर्जन बाईंनी तो दोनदा वाचला आणि फाइलला लावला.

कानामागे छेद घेऊन चार तास काम चाललं. रक्तवाहिनी सापडली. वेटोळं घालून नसेवर रेललेली होती, असं सर्जन बाई म्हणाल्या. तिच्याखाली त्यांनी टेफ्लॉनचा कापसासारखा तुकडा सरकवला आणि नस होती तशी राहिली. ताईचा आवाज आठवडाभर बसला होता, गिळताना ठसका लागायचा. कळ मात्र पुन्हा आली नाही.

पण जीभ? ते टेबलाशीच कळणार होतं.

दोन महिन्यांनी ती चाखायच्या खोलीत गेली. तिच्याच हाताखाली तयार झालेल्या दोघांनी सहा कप मांडले. मी वरच्या मजल्यावरून काम सोडून आलो होतो. तसं मी कधी करत नाही. ताईने एकेक कप भुरकला, थुंकला. पाचव्यापाशी परत आली, पुन्हा चाखला.

“हा वाळवताना भट्टीत जास्त राहिलाय. मागे करपट कडू लागतो, डावीकडेही.” मग दोघांकडे वळून म्हणाली, “आणि पाणी दोनदा उकळलंय. मी नसताना हेच चालतं वाटतं?”

दोघांनी माना खाली घातल्या. माझी मात्र ताठ झाली.

ताईने चमचा पुसून ठेवला, तिसरा कप दोन्ही हातांत धरला आणि पिकदाणीकडे पाठ करून खिडकीशी उभी राहिली. सावकाश, घोट घोट करत तिने तो सगळा गिळला.

“कसा आहे?” मी विचारलं.

“चांगला आहे की,” ती म्हणाली. “एवढी वर्षं टाकत होते.”