शिंपीणबाईंचं दुमडलेलं शीड

आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई वाऱ्याला घाबरतात, अशी गल्लीत बोलवा आहे. किनाऱ्यावर पान हलत नसतानाही त्या होडीचं शीड दुमडून लहान करतात म्हणे. ही बोलवा साफ खोटी. मला पक्कं ठाऊक आहे, कारण ती मीच उठवली.

बाई दर रविवारी होडीने तळ्यापलीकडे थोरल्या बहिणीकडे जातात, त्याही एकट्या. वारा मध्येच चढला तर एका हाताने सुकाणू आणि दुसऱ्याने शीड कुठे आवरत बसायचं? म्हणून शिडाची तळाकडची एक घडी त्या निघतानाच आडव्या काठीवर बांधून टाकतात.

त्या रविवारी बहीण चारच्या बसने मुलाकडे कायमची राहायला निघाली होती. बाईंनी तिच्यासाठी कोट शिवला होता, तो हातात द्यायचा होता. मदतीला मी चढलो. मदत कोणी मागितली नव्हती, ते सोडा.

अर्ध्या वाटेत वारा पडला. घडी सोडून शीड मोठं करा, नाहीतर बस चुकेल, असा शहाणपणा मी शिकवला. बाईंनी घड्याळ पाहिलं आणि नाइलाजाने हो म्हटलं. आधी सगळ्या गाठी सोडा, मगच शीड वर ओढा, असं दोनदा बजावलं. मी काठीवर पोट टेकून पाच गाठी सोडल्या आणि मोठ्या ऐटीत दोर ओढला. गाठी सहा होत्या. टर्रकन शीड वीतभर फाटलं.

आणि तेवढ्यात वारा आला, तोही चांगला दणदणीत. चुकीचं कापलेल्या कापडाकडे पाहावं तसं बाईंनी माझ्याकडे पाहिलं, सुकाणू माझ्या हातात दिलं आणि शीड खाली घेतलं. शिडाची पुढची कडी काठीला अडकवली, मागचा दोर ताणला आणि या खेपेला एकाऐवजी दोन घड्या घातल्या. फाटलेला भाग दुसऱ्या घडीत गडप! विरलेली कड आत दुमडून शिवावी, तसा. उरलं ते टीचभर शीड, पण त्या वाऱ्याला तेवढं पुरलं. होडी सुसाट निघाली. घाबरलेलं माणूस होडीत एकच होतं, आणि ते डोळे मिटून सुकाणूला लटकलं होतं.

धक्क्यावर पोचलो तेव्हा बस घुरघुरत होती. बहिणीने कोट छातीशी धरला आणि विचारलं, इतका उशीर का गं, वारा नव्हता का?

बाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वारा होता, ताई. यांची पँट मी दर वर्षी कंबरेत सैल करून देते, पण पोटाखालची गाठ काही यांना दिसली नाही."