रोह्याच्या चौकातली आखणी

पेणच्या एसटी स्टँडवर उतरलो तेव्हा दहा वाजून गेले होते आणि आभाळ असं दाटलेलं, की दिवस अजून उजाडायचाच आहे असं वाटावं. माघ सरत आलेला. या दिवसांत कोकणात लख्ख ऊन असतं, असं घरून निघताना तिघांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. त्यांच्यातला एकही कधी घाट उतरलेला नाही, हे मला गाडी सुटल्यावर आठवलं. शेजारच्या सीटवर मिठागरावर काम करणारे एक गृहस्थ होते. ते उतरताना आभाळाकडे बघून म्हणाले, "आता पडला तर मिठाचं पाणी झालं म्हणून समजा." मी पिशवी उचलली आणि चालायला लागलो.

आलो कशासाठी ते सांगतो. आमचं गाव घाटावरचं, तालुक्याचं. तिथला जुना बाजारचौक गेली काही वर्षं ओसाड पडलाय. दुकानं बायपासला गेली, माणसं मोबाइलवर सामान मागवू लागली आणि चौकात उरल्या दोन टपऱ्या आणि कुत्री. आम्ही चार निवृत्त मंडळींनी तो पुन्हा नांदता करायचं मनावर घेतलं. एकाने रोह्याची हकिगत आणली. तिथल्या लोकांनी बाजारातल्या भाताच्या जुन्या वखारीची भिंत घेतली, पेणच्या मूर्ती घडवणाऱ्यांना बोलावलं, तिच्यावर बाजारातलीच माणसं सिमेंटमध्ये उठवून घेतली. गावकऱ्यांनी रंग कालवले, बाकडी मांडली. शनिवारी संध्याकाळी भजन, कधी पोरांची नाटकं. माणसं परत येऊन बसायला लागली म्हणे. "तू जा, बघून ये," मंडळी मला म्हणाली, "आणि आपल्या चौकाची आखणी करून आण."

मलाच का, तर मी तीस वर्षं नगररचनेच्या कचेरीत आरेखक होतो. रस्त्यांची, गटारांची, चौकांची आखणी हेच माझं काम. आमच्या चौकातला पिंपळाचा पार माझ्याच पेन्सिलीच्या रेघेने गेला, हे मंडळींना ठाऊक आहे की नाही, कोण जाणे. मी सांगितलेलं नाही.

रोह्यात हे सगळं जमवून आणणारे चित्रकलेचे मास्तर आहेत. त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "आधी पेणला उतरा, सुनंदाताईंना भेटा. भिंतीचं शेवटचं काम त्यांचंच आहे." म्हणून मी पत्ता विचारत एका कारखान्यात शिरलो. पेणमध्ये गणपती बनवायच्या जागेला कारखानाच म्हणतात. आत अंधारात फळ्यांवर ओळीने मूर्ती. सोंड, पोट, पितांबर, सगळं रंगवून तयार, फक्त डोळ्यांच्या जागी कोरं. एवढे सगळे गणपती आणि एकही आपल्याकडे बघत नाही, हे जरा अंगावर येतं. मी मागे सरून बाकावर टेकलो. तो नुकताच रंगवलेल्या मूर्ती ठेवायचा बाक होता. गणपतीच्या अंगाचा गुलाबी रंग माझ्या एकुलत्या एक चांगल्या पँटच्या बुडाला लागला.

"बसू नका म्हणणार होते," खिडकीपाशी बसलेली बाई म्हणाली, "पण तुम्ही बसलातच."

याच सुनंदाताई. पन्नाशी उलटलेली, शिडशिडीत बाई, केस करकचून बांधलेले, मांडीवर मूर्ती आणि हातात चार केसांचा कुंचला. त्या हात, पाय, सोंड काही करत नाहीत. त्या फक्त डोळे काढतात. श्वास रोखून वरच्या पापणीची एक रेघ ओढली आणि मला म्हणाल्या, "आता बघा." खरंच, तो मातीचा गोळा माझ्याकडे बघायला लागला होता.

"याला आम्ही आखणी म्हणतो," त्या म्हणाल्या. "सगळ्यात शेवटी करायची. डोळे आखले की जीव आला. मग त्याला हात लावून दुरुस्ती करायची नाय."

माझ्या आयुष्यभराच्या शब्दाला असाही अर्थ असतो, हे मला साठी उलटल्यावर कळलं. मला फार बरं वाटलं, उगाच खोटं कशाला बोला. इतकी वर्षं रटाळ वाटलेला शब्द कुणीतरी धुऊन पुसून हातात दिला असं वाटलं.

चहा आला, सोबत तळलेली मिरगुंडं (पोह्याच्या पिठाचे छोटे पापड). खाताना ताई मोकळेपणाने बोलू लागल्या. वडील मिठागरावर होते. उन्हात पांढऱ्या मिठाकडे बघून बघून त्यांची नजर गेली. यांचाही डावा डोळा आता धुरकट झालाय. "ह्या वर्षाला निभावेल. पुढच्याचं सांगवत नाय," असं त्या अगदी सहज म्हणाल्या. मग कुंचला पुसत म्हणाल्या, "भाऊ, न्हाण आल्यापासून डोळे आखतेय. किती आखले, देव जाणे. सगळे पाण्यात गेले. कुणाचे दीड दिवसात, कुणाचे दहा. रोह्याचे तेवढे राहतील. सिमेंटातले हायत ना! कधी बाजाराला गेले तर म्हणेन, हे माझे."

पिशवीतून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. सरकारी पत्र, त्यांच्या नावाचं. आयुष्यात आलेलं पहिलंच. मास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की भिंतीची परवानगी कचेरीतून यायची आहे, पत्र आलं की डोळे. बारीक अक्षर त्यांना दिसत नव्हतं, कारखान्यातल्या कुणी धड वाचून दाखवलं नव्हतं. मी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं. "विषय : बाजारचौकाची आखणी. सर्व संबंधितांनी गुरुवारी सकाळी अकरा वाजता जागेवर उपस्थित राहावे."

"आखणी म्हणून लिवलंय?" त्यांनी विचारलं.

"आखणीच लिहिलंय की! बोलावणं आलं तुम्हाला," मी म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, अभिनंदन केलं. गुरुवार म्हणजे दुसरा दिवस. तीस वर्षं असली पत्रं मी स्वतः खरडली, तो मसुदा झोपेतही ओळखायला हवा होता. पण त्या दिवशी नवा शब्द शिकलेल्या पोरासारखा मी त्यातच रंगलो होतो. मास्तरांना एक फोन करावा, एवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेण स्टेशनवरून रोह्याची गाडी धरली. ताई पेणच्या अलीकडे जित्याला राहतात, त्या आधीच तिसऱ्या डब्यात खिडकीशी बसून होत्या. नवी साडी, केसांत अबोलीचा वळेसर, मांडीवर कुंचल्यांचा डबा. मिठाची राखाडी खाचरं, मग खारेपाट (खाडीकाठची बांध घातलेली भातशेती), कापणी होऊन गेल्यावर उरलेले सड. आभाळ तसंच. कासू, नागोठणं मागे पडलं. ताई मूकपणे बोटाने हवेत रेघा काढत होत्या. "कोळणीचे मोठे काढीन," मध्येच म्हणाल्या, "शिंप्याचे बारीक. तो सुईत बघतो ना."

रोह्याचा बाजारचौक अरुंद. बाकडी होती, त्यांवर कुणी नव्हतं. पण भिंत बघून मी चालायचा थांबलो. पाठीवर गोणी घेतलेला हमाल, कोळीण, शिंपी, न्हावी, दोन शाळकरी पोरी आणि पुढ्यात टोपली घेऊन बसलेली वालवाली. सात माणसं, इतकी गावातली की नावाने हाक मारावी. फक्त डोळ्यांच्या जागी कोरं.

त्या वालवालीच्या खाली खरीखुरी वालवाली बसली होती. खांब गावच्या कमळाबाई. स्वतःच्या शेतातले वाल घेऊन त्या इथे बसतात, भिंतीवरची बाई त्यांच्यावरूनच केलेली. "आली गो आखणारीण!" त्या ओरडल्या. "माझे जरा मोठे काढ. गिऱ्हाईक लांबून दिसायला हवं."

ताई हसल्या, डबा उघडला, कुणाकडून तरी स्टूल मागितलं. तेवढ्यात टेप आणि फक्कीचं (पांढऱ्या भुकटीचं) घमेलं घेऊन तीन माणसं आली. त्यांच्यातला शर्ट खोचलेला कागदांची भेंडोळी सांभाळत म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा. आखणी करायचीये."

"मीच करणार हाय ती," ताई म्हणाल्या.

त्या माणसाने आधी ताईंकडे, मग डब्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. मला सगळं कळलं. टेप ताणली, फक्की पडत गेली. पांढरी रेघ रस्त्यातून आली, बाकड्यांच्या खालून गेली आणि भिंतीच्या पलीकडे निघाली. भिंत रेघेच्या आत होती. माणूस वाईट नव्हता. "रस्ता रुंद होतोय," तो म्हणाला. "भिंतीच्या अर्जावर ज्यांची नावं होती, त्या सगळ्यांना कळवायचं असतं, म्हणून पत्र." तो जे बोलला ते शब्द न् शब्द मी माझ्या काळात बोललोय.

"ताई," मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी चुकीचं वाचलं."

"वाचलंत बरोबर," त्या म्हणाल्या. "लिवलं होतं तेच वाचलंत." आणि स्टुलावर बसून राहिल्या. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मास्तर धावत आले. त्यांच्या हातात तक्रारअर्ज, घामाने भिजलेला. त्यांनाही पत्र कालच मिळालेलं. ते कचेरीतूनच येत होते आणि तिथे काही झालेलं नव्हतं, हे चेहऱ्यावर दिसत होतं. "ताई, तुम्ही डोळे आखाच," ते म्हणाले. "डोळे असले की पाडणाऱ्याचा हात थांबेल."

"नाय थांबत, मास्तर. गणपतीला डोळे असतात, आम्ही आमच्या हातांनी बुडवतो."

"मग तेच म्हणते मी," खालून कमळाबाई म्हणाल्या. "त्यांचे तरी कुठं राहतात? तरी आखतेस ना? मग आमचेच का नाय?"

ताईंनी वर भिंतीकडे बघितलं. "त्याला निरोप देतात, कमळाबाय. आरती करतात, दहीपोहे देतात, पुढल्या वर्षी ये म्हणतात. तुम्हांला कोण म्हणणार हाय? डोळे उघडले की जीव आला. मग ती मशीन येताना बघत बसाल सगळी."

टेपवाल्यांनी टेप गुंडाळली.

"तर काय, आंधळीच राहू?" कमळाबाई म्हणाल्या. आता त्या चेष्टेत नव्हत्या. वर्षभर त्या भिंतीवरच्या आपल्या चेहऱ्याखाली बसल्या होत्या.

ताई उठल्या. कुंचला काळ्या रंगात बुडवला, वालवालीच्या तोंडासमोर उभ्या राहिल्या, उजवा डोळा बारीक केला आणि श्वास रोखला. एक रेघ ओढली, खाली वाकलेली. शेजारी तशीच दुसरी. त्या रेघांखाली पापण्यांचे चार-चार केस. बाहुली नाही, पांढरं नाही. वालवालीने डोळे मिटले होते.

"झोपवलीस गो मला?"

"बाजार उठल्यावर जरा पड. उभा जन्म बसूनच हायस."

कमळाबाईंनी पदर तोंडाला लावला. ताई पुढच्या माणसाकडे सरकल्या. हमाल, कोळीण, शिंपी. मी स्टूल उचलून पुढे पुढे ठेवत गेलो, दुसरं मला काही करता येण्यासारखं नव्हतं. पोरींच्या वेळी त्यांचा हात जरा थांबला. मग त्याही झोपल्या. सातही जणांचं व्हायला तास लागला असेल. शर्ट खोचलेला माणूस तोवर रेघेच्या पलीकडे उभा राहिला. जाताना मला हळूच म्हणाला, "काका, तुमच्या पँटला रंग लागलाय."

दुपारी खानावळीत तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं (सोललेल्या वालांची उसळ) मागवलं. वाल कमळाबाईंच्याच टोपलीतले. एरवी मी दोनदा वाढून घेतलं असतं. ताई भाकरीचा तुकडा नुसता मोडत राहिल्या. "मिटलेले डोळे कधी आखले नव्हते," एवढंच म्हणाल्या. "सोपे असतात. एकच रेघ." परतीच्या गाडीत त्या झोपल्या. मी पेणला उतरलो तेव्हा उठवलं नाही. पुढे जित्याला त्यांना जाग आली का, याची मला रात्रभर काळजी वाटली.

घरी आलो. मंडळी जमली. भिंत कशी होती, बाकडी कशी, शनिवारची गर्दी किती, सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, तेव्हा पाराचंही सांगून टाकलं. कुणी रागावलं नाही. एकजण म्हणाला, "ते आम्हाला ठाऊक होतं रे." मग टेबलावर आमच्या चौकाचा कोरा कागद पसरला. वरच्या कोपऱ्यात कुणीतरी हौसेने मथळा लिहून ठेवला होता, आखणी. मी पट्टी हातात घेतली आणि खाली ठेवली. म्हटलं, आधी महिनाभर चौकात जाऊन बसू या, तिथे कोण कुठे बघतं ते पाहू. पँट तीनदा धुतली, रंग काही निघाला नाही. ती घालूनच रोज बसायला जातो.

पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला.

"भाऊ, परत एक पत्र आलंय. शेजारच्या पोरीला फोटो पाठवायला लावलाय. बघा काय लिवलंय."

मी चष्मा लावला. या वेळी दोनदा मनात वाचलं. भिंत काढून झाल्याचं आणि राडारोडा उचलल्याचं ते पत्र होतं. मी सावकाश, एकेक शब्द वाचून दाखवला.

"आखणी नाय ना त्यात कुठं?"

"नाही ताई. यात आखणी नाही."

पलीकडे कारखान्यात कुणीतरी कुणाला हाक मारत होतं.

"पाण्यात जातात त्यांचं काय वाटत नाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "हे कोरडेच गेले."