ऑन ची मावशीची पाणपोई

इन्ले सरोवरात खांबांवर उभ्या असलेल्या आमच्या गावात कुणालाही विचारा, ऑन ची मावशी म्हणजे पाणपोईवाली. नवरा गेला त्या वर्षी तिनं विहाराच्या धक्क्यावर लाकडी माचीवर तीन माठ मांडले. येणाऱ्याजाणाऱ्यानं घोटभर पाणी प्यावं आणि त्याचं पुण्य नवऱ्याला लागावं, एवढीच तिची इच्छा. या गोष्टीला सोळा वर्षं झाली. अंगात ताप असो की हात आखडलेला असो, माठ एक दिवस रिकामे राहिले नाहीत. काठचं पाणी आम्ही भांड्याकुंड्यांना वापरतो. प्यायचं पाणी मध्यावरचं, वारा उठून गढूळ व्हायच्या आधी भरलेलं, चौपदरी फडक्यातून गाळलेलं. मावशी नुसत्या रंगावरून सांगायची की इथं भरावं की चार हात पुढं जावं. त्याचा तिला गर्वही होता, खोटं कशाला बोला! दुसऱ्या कुणी माठात तांब्याभर पाणी ओतलेलं तिला खपत नसे.

पण आता मध्य तरी राहिलाय कुठं? डोंगरावरची माती वाहून येते आणि काठ आत सरकतो. टोमॅटोचे तरंगते मळे दर वर्षी बांबू रोवत रोवत पुढं निघालेत. मावशीची पाणी भरायची जागा दोन्ही बाजूंनी मळ्यांनी गिळत आणलेली. त्यातला एक मळा तिच्याच जावयाचा, ल्विन मोचा. तो घरातच राहायचा, दोन दिवसांआड पाठीवर पंप घेऊन औषध फवारायला जायचा आणि परत आला की पंप घराखालच्या पाण्यात खळखळून धुवायचा. मावशी कधी बोललीच तर हसून म्हणायचा, फवारलं नाही तर अळ्या टोमॅटो खातील आणि मग आपण अळ्या खाऊ. घर त्या टोमॅटोंवर चालत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

उपोसथाच्या, म्हणजे व्रताच्या दिवसाच्या, आदल्या सकाळी ती नेहमीप्रमाणं होडी घेऊन गेली. पाणी नितळ होतं, वासही नव्हता. पण वल्ह्याच्या टोकाशी काहीतरी पांढरं लागलं. बोटभर लांबीचे मासे, पोटं वर करून पडलेले. दहा-बारा असते तर तिनं मनाची समजूत घातली असती, पण ते हंड्यात मावणार नाहीत इतके होते. पुढं जावं तर वारा उठलेला. रिकामं परतावं तर दुसऱ्या दिवशी सगळं गाव भिक्खूंकडून शीलाचं व्रत घ्यायला विहारात येणार आणि नवऱ्याच्या नावचे माठ कोरडे दिसणार. सोळा वर्षांत जे झालं नाही ते आज कसं व्हावं? बाईनं वल्ह्यानं मासे बाजूला सारले आणि हंडे भरले. धक्क्यावर येऊन फडकं चौपदरीऐवजी आठपदरी केलं. आता फडक्यानं का कुठं औषध गाळलं जातं? पण तिला तेवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिची लेक एइ फ्यू विहारातून घरी आली. आठवा महिना लागलेला, दोन पायऱ्या चढली तरी धापा टाकायची. बसता बसता म्हणाली, "आई, तुझ्या माठातलं तीन पेले पाणी प्याले बघ. काय घसा सुकला होता!"

घरच्या रांजणात दोन दिवसांपूर्वीचं पाणी होतं, ते सोडून पोरीनं नेमकं तेच प्यावं! तोंडापर्यंत शब्द आला आणि मावशीनं तो गिळला. पोर घाबरली तर बाळाला अपाय, आणि सांगायचं तरी कसं की पाहिलं होतं मी, पाहून भरलं होतं. मग ती लेकीभोवती घुटमळू लागली. बाळ हललं का? डावीकडं की उजवीकडं? सकाळी जेवढं हललं तेवढंच का? एइ फ्यू आधी हसली, मग वैतागली. आई, ते काय माकड आहे का सारखं उड्या मारायला, असं म्हणून तिनं कूस बदलली.

तिसऱ्या दिवशी सकाळी लेकच पोटावर हात ठेवून गप्प बसून राहिली. मावशीनं विचारायच्या आधी तीच म्हणाली, "आज उठल्यापासून हललं नाही गं."

मावशी सगळं बोलून गेली. मेलेले मासे, वल्हं, आठपदरी फडकं, सगळं. ल्विन मो पाठीवर पंप चढवत होता. त्यानं तो हळूच उतरवला. मासे मेले त्याच्या आदल्या दिवशी फवारणी त्यानंच केली होती. कोण कुणाला बोलणार?

त्यानं दोघींना होडीत घातलं आणि आमच्याकडच्या रीतीनं उभ्यानं, पायानं वल्हं मारत पलीकडच्या गावातल्या सुईणीकडं नेलं. मावशीची नजर लेकीच्या पोटावरून हलत नव्हती. सुईणीनं ठोके ऐकायची लाकडी नळी पोटाला लावली, डोळे मिटले, आणि इतका वेळ लावला की मावशीही कान पुढं करून वाकली. शेवटी ती म्हणाली, "ठोके आहेत, चांगले आहेत. बाकीचं या नळीतून ऐकू येत नाही मला."

परत येताना मावशीनं होडी विहाराच्या धक्क्याला लावायला सांगितली. चार बायका तिथं पाणी पीत उभ्या होत्या. त्यांच्यादेखत तिनं तिन्ही माठ एकेक करून पालथे केले. पाणी ओतलं कुठं? सरोवरातच. दुसरीकडं ओतायला जागा कुठं आहे आमच्याकडं! मग ती म्हणाली, "परवापासून जे पाजलं ते खराब होतं. मला माहीत होतं." एक बाई हातातला पेला तसाच धरून राहिली. कुणी शिवी दिली असती तर मावशीला बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर एइ फ्यूनं चटईवर अंग टाकलं. बाळ हललं होतं, वाटेतच, अगदी हलकंसं. मावशीनं ते हातानं पाहिलं आणि तिला रडू फुटलं. लेकीनं तिला रडू दिलं, मग रांजणाकडं पाहिलं. तेही पाणी त्याच सरोवराचं.

"आई," ती म्हणाली, "मग मी आता काय पिऊ?"

मावशीनं डोळे पुसले आणि रिकामे हंडे उचलले. डोंगराच्या ओढ्यावर जाते म्हणाली. बाहेर दुपारचा वारा सुटलेला, लाटा घराच्या खांबांवर आपटत होत्या. ल्विन मो खाली मान घालून म्हणाला, "आई, ओढ्याच्या दोन्ही अंगाला आल्याचे मळे आहेत. तिथंही फवारतात."

"मग मळ्यांच्याही वर जाईन," मावशी म्हणाली आणि होडीत उतरली.