नटाखालचं कुंकू

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही आधी डांबरावर पसरलेल्या लाह्या दिसतात आणि मग बाकीचं आठवतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण माझी झोप कायमची बिघडवली ती एका गाडीच्या चाकाने.

नांदेड-लातूर रस्त्यावरच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. रविवार होता. दुपारी चारच्या सुमारास ठाणे अंमलदाराने फोन उचलला आणि ऐकता ऐकता उभाच राहिला. लोह्याच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथल्या ढाबेवाल्याचा फोन होता.

"साहेब, एक चाक एकटंच पळत आलं अन् बाईला उडवून गेलं. गाडी माघंच राहिली. लवकर या."

आम्ही पोहोचलो तेव्हा बाईंना अ‍ॅम्ब्युलन्सने नांदेडला हलवलं होतं. पंचेचाळिशीच्या अंगणवाडी सेविका, माहेरहून परतताना जीपची वाट पाहत उभ्या होत्या. डोक्याला मार, पायाचा चुरा, शुद्ध नाही. त्यांची पिशवी रस्त्यातच पडली होती आणि तिच्यातल्या ज्वारीच्या लाह्या डांबरावर पसरल्या होत्या. चाक शंभरेक पावलांवर हरभऱ्याच्या शेतात आडवं पडलं होतं. काळी रिम, रुंद टायर, अगदी नवंकोरं.

गाडी होती दोन दारांची लाल स्पोर्ट्स कार, पुण्याहून जुनी विकत आणून नटवलेली. तिचा मालक लातूरच्या एका शिकवणीत फिजिक्स शिकवायचा. तिशीचा, नीटनेटका, बोलायला गोड. तो पळून गेला नव्हता. अ‍ॅम्ब्युलन्सही त्यानेच बोलावली होती. त्याने मला सगळं सांगितलं, मी न विचारलेलंसुद्धा. गुरुवारी नांदेडच्या एका टायरवाल्याकडून चारही चाकं बदलून घेतली आणि तीन दिवसांत मागचं चाक निघालं. "सर, फिटिंगच ढिलं होतं."

मला ते पटलं. शिकलेला माणूस, सरळ बोलतोय, जखमी बाईसाठी रडतोय. मी मिस्त्रीचं नाव कागदावर घेतलं. दुसरी चूक त्याच संध्याकाळी केली. क्रेन मिळेना, म्हणून ट्रॅक्टरने गाडी उचलून ढाब्याच्या आवारात नेली आणि मालकालाच म्हणालो, "सकाळी पंचनामा करू, तोवर गाडीजवळ थांबा." कुंपणालाच शेत राखायला सांगितलं. तेव्हा मात्र मला वाटलं, किती समंजस माणूस आहे, थांबतोसुद्धा!

सोमवारी सकाळी पंचनामा झाला, गाडी ठाण्यात आली, आणि मिस्त्रीला बोलावण्याआधी तो स्वतःच हजर झाला. पन्नाशी उलटलेला, किडकिडीत, हाताच्या रेषांत काळं ग्रीस मुरलेलं. त्याच्या दुकानाचा फोटो रात्रीतून सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला होता. बाईंचे नातेवाईक दुकानावर गेले, पाटी उतरवून टाकली. कलम जामीनपात्र होतं, मी त्याला अडकवून ठेवणार नव्हतो. पण बाई दगावल्या तर कलम वाढणार होतं, आणि बाहेर त्याची खैर नव्हती. म्हणून त्याला ठाण्यातच बाकावर बसवलं.

"नट का आवळले नाहीस?" मी दरडावूनच विचारलं.

माझा अनुभव असा, की अशा प्रश्नावर माणूस एक तर चिडतो, नाही तर पाया पडतो. या माणसाने दोन्ही केलं नाही. तो म्हणाला, "साहेब, मी आवळले. माझ्या हातानं, टॉर्क पान्यानं, जोर मोजून. पण माणूस चुकतो. चुकलो असल तर मला काय करायचं ते करा. आधी त्या तीन गाड्या थांबवा."

"कुठल्या तीन गाड्या?"

"त्याच आठवड्यात त्याच पान्यानं अजून तीन गाड्यांना रुंद चाकं बसवली. पाना बिघडला असल तर त्यांची बी चाकं ढिली असतेल. लोकं फिरून राहिले ना साहेब त्या गाड्यांत!"

मी खुर्चीत सावरून बसलो. ज्याच्यावर गुन्हा आहे तो स्वतःला वाचवायचं सोडून आपलीच चूक आणखी तीन ठिकाणी शोधा म्हणत होता. त्याने नावं सांगितली, हवालदारांनी फोन लावायला सुरुवात केली. पहिला नांदेडातच होता, त्याला गाडी जागेवर उभी करायला सांगितलं. दुसरा लोह्याचा, गाडी घरासमोरच होती. तिसरी किल्लारीकडे प्रवासी वाहणारी जीप. तिच्या ड्रायव्हरचा फोन लागेना.

त्या दोन तासांत मी काय केलं ते मला धड आठवत नाही. दर दहा मिनिटांनी तिकडच्या ठाण्याला फोन करत होतो. जीपमध्ये दहा-बारा माणसं कोंबलेली असणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती. एकीकडे दवाखान्यातला शिपाई दर तासाला तेच कळवत होता, "साहेब, बाई अजून शुद्धीवर न्हाईत." मिस्त्री बाकावर बसून होता. समोर ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

त्याला बोलतं ठेवावं, आणि मलाही शांत राहता यावं, म्हणून विचारलं, "एवढी रुंद चाकं लागतातच कशाला?" त्याने खिशातून खडू काढला आणि फरशीवरच आकडे लिहिले. दोनशे पाच, पंचावन्न, सोळा.

"हे गाडीचं कंपनीतलं माप. पहिला आकडा टायरची रुंदी. दुसरा बाजूची उंची, रुंदीच्या शेकड्यात. तिसरा रिमचे इंच. रुंदी वाढवली का बाजूची उंची कमी करावी लागती, म्हंजे टायरचा बाहेरचा घेर तेवढाच ऱ्हातो. घेर वाढला का टायर मडगार्डाला घासतंय, अन् मीटर बी खोटं बोलतंय." खाली त्याने दुसरी ओळ लिहिली. दोनशे पंचवीस, पंचेचाळीस, सतरा. "मास्तराला मी हे दिलं. त्यांना दोनशे पंचावन्न पायजे होतं. म्हणलं सर, न्हाई बसत. चप्पल एक नंबर मोठी चालती. तीन नंबर मोठी घातली का ठेच लागतीच."

"मग ते मानले?"

"तोंडानं मानले." त्याने खडू खिशात ठेवला. "जाताना म्हणले, मिस्त्री, चाकं आत दबल्यासारखी दिसतात. मडगार्डाच्या कडेला आली पायजेत."

हे वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. माझं सगळं लक्ष फोनकडे होतं.

दुपारी तीनला किल्लारीहून फोन आला. जीप सापडली, माणसं उतरवली, टॉर्क पाना लावून पाहिला. एकूण एक नट घट्ट. तोवर बाकीच्या दोन गाड्याही तपासून झाल्या होत्या, तिथेही तेच. मी मिस्त्रीला सांगितलं. त्याने डोळे मिटले, साय बाजूला सारून तो गार चहा एका घोटात प्याला, आणि मग मात्र गुडघ्यांत डोकं घालून हमसून रडला.

मला बरं वाटायला हवं होतं. उलट भीती वाढली. एकच हात, एकच पाना, चार गाड्या. तीन घट्ट असतील तर चौथीच ढिली कशी? उत्तर ठाण्याच्या आवारात उभं होतं, आणि एक अख्खी रात्र मी ते मालकाच्या राखणीत सोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षक आले. दोन पंचांसमक्ष गाडीवरची तिन्ही चाकं उघडायचं ठरलं. पंचनामा लिहीत होत्या आमच्या ठाण्यातल्या महिला हवालदार. अक्षर सुरेख आणि नजर त्याहून बारीक. चाकांना हळद-कुंकू लावलेलं होतं, नवीन वस्तूला आपण लावतोच. पुढची दोन चाकं काढली. वर प्रत्येक नटावर कुंकवाचं बोट, आणि नट काढल्यावर आतली खाच स्वच्छ. मग मागचं उजवं चाक काढलं. हे अपघातात निघालं नव्हतं, जागेवर घट्ट होतं.

हवालदार बाईंनी लिहिणं थांबवलं. वाकून पाहिलं. "साहेब, हितं कुंकू आत कसं गेलं हो?"

"म्हणजे?"

"लावणारी बाई वरून बोट लावती. पुढच्या चाकांना बघा, वरच हाय. हितं नटाच्या खालच्या खाचेत कुंकू दाबून बसलंय. नट काढल्याबिगर तिथं कसं जाईल?"

मग मुद्देमालातलं ते शेतात सापडलेलं चाक आणलं. त्याच्याही पाचही खाचांत कुंकू, नटाच्या दाबाने चकाकी आलेलं. पूजा झाल्यावर मागची दोन्ही चाकं कुणीतरी काढून पुन्हा बसवली होती. निरीक्षकांनी निघालेल्या डाव्या चाकाचा हब, म्हणजे चाक बसतं ती तबकडी, आणि तिच्यातले बोल्टसारखे स्टड दाखवले. ज्यावर नट फिरतो ते आटे फक्त टोकाला पुसले गेले होते, मुळाशी कोरे करकरीत. म्हणजे नट टोकालाच कसेबसे दोन-चार आटे धरून होते. चाक आणि हब यांच्यात काहीतरी जाड घातलेलं होतं, आणि ते आता तिथे नव्हतं.

पूजा कुणी केली आणि केव्हा, एवढंच विचारायचं होतं. मी हवालदार बाईंना घेऊन लातूरला मास्तरांच्या घरी गेलो. तो शिकवणीत होता. त्याच्या आईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. बोलताना त्यांना आधार वाटावा म्हणून हवालदार बाईच विचारत होत्या.

"गुरुवारी तिन्हीसांजेला केली पूजा," त्या म्हणाल्या. "चारी चाकांला. एकेका नटाला मीच बोट लावलं, पाच-पाच. लेकरू सारखं त्या रस्त्यानं जातंय ना! सगळं यवस्थित केलं हो मी. तरी असं कसं झालं?"

त्या माउलीला ठाऊक नव्हतं की आपण मुलाविरुद्धच जबाब देतोय. मला ठाऊक होतं. जबाब लिहून झाल्यावर त्यांनी सही केली आणि विचारलं, "त्या बाई कशा हायत?" मी जबाबाचा कागद घडी करून उठलो.

मास्तरांची चौकशी लांबली नाही. मी टेबलावर दोन फोटो ठेवले, पुढच्या चाकाची खाच आणि मागच्या चाकाची खाच. आईच्या जबाबाचं पहिलं वाक्य वाचलं. त्याने हात वर करून मला थांबवलं.

"सर, पुढचं वाचू नका."

चाकं आत दबलेली दिसतात म्हणून शिकवणीतल्या पोरांनी त्याला चिडवलं होतं. त्याने ऑनलाइन दोन स्पेसर मागवले, म्हणजे चाक बाहेर ढकलणाऱ्या अ‍ॅल्युमिनियमच्या जाड चकत्या. शनिवारी सकाळी व्हिडिओ पाहून स्वतःच बसवल्या. लांब स्टड लागतात हे त्या व्हिडिओत शेवटी सांगितलं होतं, शेवटपर्यंत कोण बघतो? अपघातानंतर हबवर अडकलेली एक चकती त्याने खिशात घातली. दुसरी पहाटे ढाब्यावर जॅक लावून काढली आणि चाक पुन्हा घट्ट आवळलं, ज्या गाडीच्या राखणीला मी त्याला ठेवलं होतं तिचंच. दोन्ही चकत्या ढाब्याजवळच्या पुलाखाली टाकल्या होत्या. त्याने दाखवलेल्या जागेवरून पंचांसमक्ष जप्त केल्या.

"वर्गात मी टॉर्क शिकवतो सर," तो म्हणाला. "दर वर्षी नट आणि पान्याचंच उदाहरण देतो."

मला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला मी निघालो होतो, आणि त्या संन्याशाने मात्र जीपभर माणसांची काळजी वाहिली होती. मिस्त्रीविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात गेला. पाचव्या दिवशी बाई शुद्धीवर आल्या. पाय वाचला, पण अधू झाला.

अहवालाची बातमी सांगायला मी मिस्त्रीच्या घरी गेलो. माफी मागावी असं मनात होतं. वर्दीत होतो, जीभ रेटली नाही. त्याने एवढंच विचारलं, "बाई बऱ्या हायत ना?" मग म्हणाला, "दुकान उघडतो मग." पण उतरलेली पाटी वर चढली तरी गिऱ्हाईक लगेच परतत नाही. मोबाईलवर जेवढ्या लोकांनी तो फोटो पाहिला, तेवढ्यांनी माझा अहवाल थोडाच वाचला!

निवृत्तीनंतर माझ्या गाडीचे टायर बदलायला त्याच्याकडेच गेलो. त्याने ओळखलं, चहा मागवला. कंपनीचंच माप बसवलं. शेवटच्या नटाला पाना माझ्या हातात दिला. मी त्या वेळी राहिलेली माफी मागितली. तो कामातून मान वर न करता म्हणाला, "पन्नास किलोमीटरच्या आत थांबून परत एकदा बघा साहेब. मी बसवलं म्हणून इश्वास ठेवू नका. बघा."

त्या रविवारी फाट्यावर मी तेवढंच केलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचा शब्द घट्ट आणि ग्रीसवाल्या हाताचं काम ढिलं, हे मी न बघताच धरून चाललो.

परतताना त्याच फाट्यावर गाडी थांबवली आणि पाना घेऊन उतरलो. कुबडी घेतलेली एक बाई रस्त्यापासून बरीच आत, हातपंपाच्या कठड्याआड उभी होती. बाकी माणसं रस्त्याच्या कडेला जीपची वाट पाहत होती, ही एकटीच आत. मी ओळखलं. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं, त्या शुद्धीवर नसतानाच मी त्यांच्या खाटेशी उभा राहिलो होतो. गाडी थांबली तशा त्या आणखी दोन पावलं मागे सरकल्या.

"चाक ढिलं हाय का भाऊ?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"नाही बाई. घट्ट आहे. नुसतं बघतोय."

"बघत जावा," त्या म्हणाल्या.

मी चारही चाकांचे सगळे नट पुन्हा एकदा तपासले. त्या तोवर कठड्याआडून बाहेर आल्या नाहीत.